पिटकॉन म्हणजे काय? पदार्थात नेमकं काय आहे, हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचा ७५ वर्षांचा मेळा

औषधाच्या बाटलीवर 'ग्लिसरीन' असं लिहिलेलं असतं. पण आत ग्लिसरीनच आहे का? नळाचं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात शिसं नाही ना? बांधकामासाठी आलेल्या सळईत कार्बन किती टक्के आहे? डोळ्यांनी पाहून, वास घेऊन किंवा चव चाखून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. ती शोधणाऱ्या शास्त्राला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र म्हणतात. आणि या शास्त्रातल्या मंडळींचा जगातला सगळ्यात नावाजलेल्या मेळ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेत दरवर्षी भरणारी 'पिटकॉन' ही परिषद.

सर्वसामान्यांच्या कानावर हे नाव सहसा येत नाही. पण रक्ततपासणीपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत रोजच्या जगण्यात ज्या आकड्यांवर विश्वास ठेवला जातो, ते आकडे देणाऱ्या यंत्रांचा आणि पद्धतींचा या परिषदेशी जवळचा संबंध आहे. ही परिषद सुरू कशी झाली, तिथे होतं काय आणि तिचं महत्त्व काय, हे समजून घेऊ.

पिटकॉन म्हणजे नेमकं काय?

'पिट्सबर्ग कॉन्फरन्स ऑन अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री अँड अप्लाइड स्पेक्ट्रोस्कोपी' हे या परिषदेचं मूळ लांबलचक नाव. पिट्सबर्गमधला पिट आणि कॉन्फरन्समधला कॉन घेऊन त्याचं 'पिटकॉन' झालं.

ही परिषद कुठलं सरकार भरवत नाही किंवा एखादी कंपनीही भरवत नाही. पिट्सबर्गमधल्या दोन संस्था मिळून ती भरवतात: 'स्पेक्ट्रोस्कोपी सोसायटी ऑफ पिट्सबर्ग' आणि 'सोसायटी फॉर अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्स ऑफ पिट्सबर्ग'. दोन्ही संस्था १९४० च्या दशकातल्या. आधी त्यांचे कार्यक्रम वेगवेगळे होत. मग एकत्र परिषद भरवायचं ठरलं आणि १५ ते १७ फेब्रुवारी १९५० या तीन दिवसांत पिट्सबर्गच्या विल्यम पेन हॉटेलात पहिली परिषद झाली. तिथे ५६ शोधनिबंध वाचले गेले आणि प्रयोगशाळेतली उपकरणं मांडणारे १४ प्रदर्शक आले होते.

परिषदेचं बरंचसं काम आजही स्वयंसेवक करतात. त्यात नोकरी करणारे आणि निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ असतात. परिषद ना-नफा तत्त्वावर चालते. प्रदर्शनातून आणि नोंदणीतून जमा होणाऱ्या पैशातून शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान शिक्षणाला मदत दिली जाते.

पिट्सबर्गच का?

याचं उत्तर पोलादाच्या भट्टीत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेची पोलादनगरी. यूएस स्टील, अ‍ॅल्युमिनियम बनवणारी अल्कोआ आणि विद्युत उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेली वेस्टिंगहाउस या कंपन्यांचा मोठा कारभार या शहरात चालत असे. गल्फ ऑइलसारखी तेल कंपनी आणि मेलन इन्स्टिट्यूटसारखी संशोधन संस्थाही इथलीच. म्हणजे एकाच शहरात शेकडो रसायनशास्त्रज्ञ रोज एकच काम करत होते: समोर आलेल्या नमुन्यात काय आणि किती आहे, ते सांगणं.

पोलादाच्या बाबतीत हे काम घड्याळाशी बांधलेलं असतं. भट्टीत लोखंड वितळलेलं असताना त्यात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचं प्रमाण किती, हे कळावं लागतं. प्रमाण चुकलं तर पोलाद ठिसूळ होतं किंवा हवं तितकं मजबूत राहत नाही. जुन्या पद्धतीत नमुना आम्लात विरघळवायचा, एकेक घटक वेगळा करायचा, वाळवायचा आणि तोलायचा. त्यात कित्येक तास जात. तोवर भट्टी थांबवून ठेवणं परवडणारं नव्हतं.

स्पेक्ट्रोस्कोपीने हा वेळ काही मिनिटांवर आणला. नमुन्याच्या छोट्या तुकड्यावर विजेची ठिणगी पाडायची, त्यातून निघणारा प्रकाश तपासायचा आणि एका झटक्यात अनेक मूलद्रव्यांचं प्रमाण वाचायचं. ही यंत्रं तेव्हा नवी होती, महाग होती आणि ती वापरायची कशी, याबद्दल प्रत्येक कारखान्याचा अनुभव वेगळा होता. एकमेकांशी बोलायची गरज तिथूनच निर्माण झाली.

प्रकाशावरून पदार्थ कसा ओळखतात?

दिवाळीत भुईनळे आणि आकाशातले फटाके वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. त्यामागे वेगवेगळ्या धातूंची संयुगं असतात. स्ट्रॉन्शियममुळे लाल, बेरियममुळे हिरवा, सोडियममुळे पिवळा आणि तांब्यामुळे निळा रंग येतो. तापल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगांचाच प्रकाश बाहेर टाकतं. हा प्रकाश लोलकातून पाहिला तर ठरावीक जागी ठळक रेषा दिसतात. माणसाच्या बोटांच्या ठशासारखा हा त्या मूलद्रव्याचा ठसा.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किरखोफ यांनी १८५९-६० मध्ये ही पद्धत पक्की केली. डुर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या निळ्या रेषा दिसल्या. त्यातून १८६० मध्ये सीझियम सापडलं आणि पुढच्याच वर्षी रुबिडियम.

पुढे या कल्पनेला अनेक फांद्या फुटल्या. कुठे पदार्थ कोणता प्रकाश शोषून घेतो ते पाहतात, कुठे प्रकाश पदार्थावर आदळून कसा विखुरतो ते पाहतात. काही यंत्रं प्रकाशाऐवजी कणांचं वजन मोजतात. यंत्रं कितीही बदलली तरी प्रश्न दोनच राहतात: आत काय आहे आणि किती आहे?

परिषदेत होतं काय?

पिटकॉनचे ढोबळमानाने तीन भाग असतात.

पहिला भाग व्याख्यानांचा आणि शोधनिबंधांचा. नव्या पद्धती, नवे निष्कर्ष आणि पुरस्कार मिळालेल्या शास्त्रज्ञांची भाषणं यात येतात. याच भागात पोस्टर सत्रंही असतात. संशोधक विद्यार्थी आपलं काम एका मोठ्या फलकावर मांडून त्याच्या शेजारी उभे राहतात आणि येणारा-जाणारा कुणीही त्यांना प्रश्न विचारू शकतो.

दुसरा भाग छोट्या अभ्यासवर्गांचा. प्रयोगशाळेत रोज काम करणारे तंत्रज्ञ इथे एखादं यंत्र किंवा पद्धत नीट शिकून घेतात.

तिसरा भाग प्रदर्शनाचा. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आपापले स्टॉल लावतात. ज्यांना यंत्र विकत घ्यायचंय, ते तिथे प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रं शेजारी शेजारी पाहतात आणि बनवणाऱ्या इंजिनिअरलाच खोदून खोदून विचारतात.

यातल्या प्रश्नोत्तरांचं मोल समजायला एक साधं उदाहरण पुरे. दूध तोलायचं असेल तर आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करावं लागतं. नाहीतर पातेल्याचं वजनही दुधात धरलं जाईल. प्रयोगशाळेतही तसंच असतं. नमुना न घालता सगळी क्रिया एकदा करून पाहतात, त्याला 'ब्लँक' म्हणतात. बाटलीला, पाण्याला किंवा रसायनाला चिकटून आलेली अशुद्धी त्यात दिसते. ती वजा केली नाही तर आकडा फुगतो. म्हणून पोस्टरजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला अनुभवी माणूस विचारतो: ब्लँक किती आला? एकच नमुना किती वेळा मोजला? दुसऱ्या पद्धतीने पडताळलं का? या प्रश्नांना उत्तरं देता आली नाहीत तर समोरचा आलेख कितीही सुबक असला तरी कुणी तो मानत नाही.

१९८३ चं यंत्र आणि फ्लिंटचं पाणी

पिटकॉनमध्ये अनेक यंत्रं पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्यातलं एक महत्त्वाचं नाव म्हणजे आयसीपी-एमएस. १९८० मध्ये सॅम हाउक, व्हेल्मर फॅसेल, अ‍ॅलन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. तीनच वर्षांनी, १९८३ च्या पिटकॉनमध्ये, सायेक्स या कॅनडातल्या कंपनीने 'इलान २५०' हे बाजारात विकलं जाणारं या प्रकारचं पहिलं यंत्र मांडलं.

या यंत्रात नमुन्याचे सूक्ष्म थेंब काही हजार अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात. तिथे त्यांचे विद्युतभारित अणू होतात आणि मग यंत्र त्या अणूंची वजनानुसार वर्गवारी करून मोजणी करतं. त्यामुळे अब्जांशात असलेला धातूही पकडता येतो.

अब्जांश म्हणजे किती? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी कारवाईची पातळी अनेक वर्षं १५ अब्जांश होती. हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत १५ मिलिग्रॅम शिसं, म्हणजे साधारण तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी वजनाचं.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात हेच १५ अब्जांश कळीचे ठरले. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवण्यात आला. पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन मिसळायला हवं होतं ते मिसळलं गेलं नाही आणि जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरू लागलं. लोक तक्रार करत होते, पण सरकारी तपासणीत पाणी मर्यादेत असल्याचं सांगितलं जात होतं. त्या तपासणीतून जास्त शिसं असलेले दोन नमुने वगळण्यात आले होते, हे नंतर उघड झालं. ते दोन धरले असते तर आकडा मर्यादेबाहेर गेला असता.

२०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने रहिवाशांना नमुने गोळा करायच्या ३०० पिशव्या पाठवल्या. लोकांनी आपापल्या नळाचं पाणी भरून परत पाठवलं आणि ते आयसीपी-एमएसवर तपासलं गेलं. शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर होतं. १९८३ मध्ये प्रदर्शनात मांडलेलं तंत्र तोपर्यंत विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये नेहमीचं झालं होतं. म्हणूनच सरकारी आकड्याला आकड्यानेच उत्तर देता आलं.

आकडा बरोबर, पण उत्तर चूक

चांगलं यंत्र आणलं की प्रश्न सुटला, असं मात्र नाही. आपण नक्की काय मोजतोय, हे माहीत नसेल तर अचूक आकडाही फसवतो.

२००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली. त्यांच्यात मूतखड्याचा त्रास दिसला आणि सहा बाळं दगावली. तपासणी असूनही हे घडलं, कारण दुधातली प्रथिनं मोजायच्या पद्धतीतच फट होती.

डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधलेली ती पद्धत प्रथिनं थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, तर मेलामाइनमध्ये सुमारे ६६ टक्के. त्यामुळे दुधात पाणी घालून वर थोडं मेलामाइन मिसळलं की तपासणीत प्रथिनं भरपूर दिसायची. यंत्राने नायट्रोजनचा आकडा बरोबरच दिला होता.

अशा फटी दाखवणं आणि त्या बुजवणाऱ्या पद्धती सुचवणं, हे अशा परिषदांचं मोठं काम. कारण फसवणाऱ्याला तपासणीची पद्धत माहीत असते. तपासणाऱ्याला तिच्या मर्यादाही माहीत असाव्या लागतात.

भारतासाठी हा विषय का महत्त्वाचा?

पिटकॉनच्या नावातल्या स्पेक्ट्रोस्कोपीची एक मोठी शाखा भारतात जन्मली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात रामन परिणामाचा शोध लावला. आपण तोच दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्या तत्त्वावर चालणारी यंत्रं आज हातात मावतात. औषध कारखान्यात कच्चा माल आला की पारदर्शक पिशवीतून किंवा काचेतून लेझर सोडून तो पदार्थ लेबलवर लिहिलाय तोच आहे का, हे जागच्या जागी बघता येतं.

ही खातरजमा न झाल्याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेलं होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि गोडसर. नुसतं पाहून फरक कळणं अशक्य. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. विशेष म्हणजे याच द्रव्याने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. म्हणजे धोका तेव्हाही जगाला माहीत होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच नाव पुन्हा आलं. गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला. त्यांच्या नमुन्यांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल आढळल्याचं संघटनेने सांगितलं. भारतातल्या सरकारी प्रयोगशाळेने तपासलेले नमुने मात्र प्रमाणात असल्याचं भारताकडून कळवण्यात आलं. नमुना कुठून घेतला, कसा ठेवला, कोणत्या पद्धतीने तपासला, या गोष्टी किती निर्णायक असतात, ते या वादातून दिसलं. त्यानंतर १ जून २०२३ पासून खोकल्याचं औषध निर्यात करण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणं भारताने बंधनकारक केलं.

पूर्वीची गर्दी आता का नाही?

पिटकॉन वाढत गेली तशी तिला पिट्सबर्ग अपुरं पडू लागलं. १९६८ मध्ये ती क्लीव्हलँडला गेली आणि १९८० मध्ये अटलांटिक सिटीला. पुढे न्यू ऑर्लीन्स, शिकागो, ऑरलँडो, फिलाडेल्फिया अशी शहरं बदलत राहिली. नावात पिट्सबर्ग तेवढं राहिलं. १९९० च्या दशकात उपस्थिती ३० हजारांच्या पुढे गेली होती.

आता ती संख्या त्याच्या जवळपासही नाही. यंत्राची माहिती घरबसल्या मिळते, प्रात्यक्षिकं ऑनलाइन होतात. एकेका तंत्रासाठी वेगळ्या परिषदा भरतात. मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या विकत घेतल्याने स्टॉल लावणारेही कमी झाले. मार्च २०२० मधली शिकागोची परिषद कोरोनाची जागतिक साथ जाहीर होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी पार पडली. २०२१ ची ऑनलाइन घ्यावी लागली. त्यानंतर अटलांटा, फिलाडेल्फिया, सॅन दिएगो, बोस्टन अशी ती पुन्हा प्रत्यक्ष भरू लागली आहे.

गर्दी घटल्याचा फटका फक्त आयोजकांना बसत नाही. परिषदेची कमाई घटली की विज्ञान शिक्षणासाठी मागे उरणारे पैसेही घटतात. शिवाय जाहिरातीत यंत्राच्या मर्यादा लिहिलेल्या नसतात. त्या कळतात ते यंत्र पाच वर्षं वापरलेल्या माणसाशी बोलल्यावर.

तपासणीचा रिपोर्ट हातात आला तर?

परिषदेत शास्त्रज्ञ एकमेकांना जे विचारतात, त्यातलं थोडं सामान्य माणसालाही विचारता येतं. पाण्याच्या किंवा अन्नाच्या रिपोर्टवर 'आढळलं नाही' किंवा 'बीडीएल' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ तो पदार्थ शून्य आहे, असा होत नाही. त्या पद्धतीला जेवढं कमीत कमी दिसू शकतं, त्याच्या खाली तो आहे, एवढंच त्यातून कळतं. ही कमीत कमी मर्यादा किती, ती सुरक्षित पातळीच्या खाली आहे का, तपासणी कोणत्या पद्धतीने झाली आणि नमुना कुणी, कुठून घेतला, हे प्रयोगशाळेला जरूर विचारावं. फ्लिंटमध्ये यंत्रं चुकली नव्हती. कोणते नमुने मोजायचे आणि कोणते सोडायचे, हे माणसांनी ठरवलं होतं.